उत्तर सोमवारी

मोठे सर वर्गात शिरण्याआधी दार वाजवत. वर्ग पहिलीचा असला तरी. आमची शाळा दोन खोल्यांची आणि दोन शिक्षकांची, त्यामुळे दुपारनंतर एक वर्ग लिंबाखाली बसायचा. तिथे दार कुठलं? म्हणून सर झाडाच्या बुंध्यावर बोटांनी टकटक करत आणि विचारत, "येऊ का आत?"

लेकरंही कमी नव्हती. "थांबा सर, गणित करून राहिलो," असं आतून, म्हणजे सावलीतून, कोणी म्हटलं की सर उन्हात थांबत. डोक्यावर रुमाल टाकून मुख्याध्यापक सावलीच्या कडेला ताटकळत उभे आहेत हे दृश्य रस्त्याने जाणाऱ्या लोकांनी इतक्यांदा पाहिलं होतं की मी त्या शाळेत रुजू झाले तोवर कोणी हसतही नसे.

मी मूळची लातूरची. शिकवणी वर्गांच्या गल्लीत वाढले. तिथे मुलाचं नाव विचारायच्या आधी त्याचे टक्के विचारतात. पहिली नेमणूक मिळाली ती नांदेड जिल्ह्याच्या टोकाला, लातूरच्या हद्दीजवळच्या या गावात. पहिल्या दिवशी सरांनी मला पाणी दिलं, खुर्ची दिली आणि म्हणाले, "म्याडम, एकच सांगायचंय. लेकरांना अरे-तुरे करायचं न्हाई."

"पहिलीच्यांनासुद्धा?"

"पहिलीच्यांना तर मुळीच न्हाई. ते नवीन आलेत."

त्यांचं हे अहो-जाहो गावात घरोघर पोचलं होतं. एकदा एक शेतकरी बैल सोडून थेट शाळेत आला. "सर, तुम्ही आमचं पोरगं बिघडवून राहिलात. शिवा म्हणतो, मला 'अहो शिवा' म्हणा, तरच भाकर खातो."

"मग म्हणा की."

"त्याच्या मायला म्या जन्मात कधी अहो म्हणलं न्हाई, त्याला कसं म्हणू?"

"मायपासून सुरू करा," सर म्हणाले आणि हजेरी घ्यायला गेले.

सर या हिवाळ्यात वारले. निवृत्तीनंतर नांदेडला, विष्णुपुरीच्या रस्त्याला त्यांनी लहानसं घर बांधलं होतं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेले होते. वंदना झाली, मग एकेक जण बोलायला उठला. बहुतेकांनी सरांच्या शांत स्वभावाचा उल्लेख केला. मी मागच्या रांगेत बसून पाण्याच्या टाकीचा विचार करत होते.

कारण सर शांत नव्हते. त्यांना राग यायचा, आणि चांगला यायचा. कपाळाची शीर ताठ व्हायची. मग ते एक शब्द न बोलता खोलीबाहेर पडत, आवारातल्या हातपंपाला बादली लावत आणि पंप मारायला लागत. एक बादली, दुसरी बादली, सगळं पाणी सिमेंटच्या टाकीत. दम लागला की परत येत आणि थांबलेलं वाक्य जिथल्या तिथून पुढे सुरू करत. शाळेत छडी नव्हती, पण टाकी कायम भरलेली असायची. ती वाहायला लागली की पाचवीतली पोरं एकमेकांना विचारत, "आज कोणी छळलं रे सरांना? लई पाणी हाय." कधी केंद्रप्रमुखांचा फोन आलेला असे, कधी कोणा बापाने पोराला मारलेलं असे.

प्रत्येक शाळेच्या भिंतीवर असतात तसे आमच्याही भिंतीवर बालकांचे हक्क रंगवलेले होते. निळ्या पट्ट्यावर पांढरी अक्षरं, शेजारी हसणारी दोन मुलं. बाहेरून कोणी पाहुणा आला आणि त्याने त्या भिंतीचं कौतुक केलं की सर म्हणत, "भिंतीला हक्क मिळालेत साहेब. लेकरांचं चालू हाय."

लेकरांचं जे चालू होतं, त्याला सरांनी साधं नाव दिलं होतं: ऐकायचा तास. शनिवारी सकाळची शाळा असते. तिचा शेवटचा तास. त्या तासाला शाळेतल्या दोन्ही खुर्च्या आणि एकुलता बाक लेकरांकडे जायचा आणि मोठी माणसं खाली ताटपट्टीवर बसायची. सर, मी, खिचडी शिजवणाऱ्या मावशी, आणि गावातलं जे कोणी आलं असेल ते. बोलायचं असेल त्या मुलाने खुर्चीवर बसून बोलायचं. आणि नियम असा की मोठ्या माणसाने त्या दिवशी उत्तर द्यायचं नाही. हो नाही, नाही नाही, "अरे पण" सुद्धा नाही. उत्तर सोमवारी, प्रार्थनेनंतर, उभं राहून, कारणासकट.

हा नियम सरांनी सुचवला होता, पण तो मुलांनी हात वर करून मंजूर केला होता. त्यामुळे सर म्हणत की तो त्यांचा राहिलेला नाही.

मी एकदा विचारलं, लगेच उत्तर दिलं तर काय बिघडतं?

"म्याडम, आपल्याजवळ उत्तर तयार असतं. लेकरू अर्ध्यात असतं तवाच आपण ते काढून ठेवतो. दोन दिस गप बसवा मोठ्या माणसाला, मग त्याला प्रश्न ऐकू येतो."

सरपंच एकदा हौसेने ताटपट्टीवर येऊन बसले. तिसरीतल्या एका मुलाने खुर्चीवर पाय हलवत विचारलं, "तुमचं ट्रॅक्टर आमच्या कबड्डीच्या जागेवर का असतं?" सरपंचांनी तोंड उघडलं. सरांनी ओठांवर बोट ठेवलं. सरपंचांनी तोंड मिटलं, पुन्हा उघडलं, तर सगळी शाळा एका सुरात ओरडली, "सोमवारी!" रविवारी संध्याकाळी ट्रॅक्टर तिथून हललेलं होतं. सोमवारी सरपंच आलेच नाहीत. उत्तर शोधण्यापेक्षा त्यांना जागा शोधणं सोपं गेलं असावं.

सरही सुटले नाहीत. दुसरीतली एक मुलगी खुर्चीवर बसून अगदी मायेने म्हणाली, "सर, तुम्ही गोष्ट लई हळू वाचता. मला झोप येती." सरांना स्वतःच्या वाचनाचा अभिमान होता, हे मला माहीत होतं. शनिवार-रविवार त्यांनी ते कसं सोसलं कोण जाणे. सोमवारी उभे राहिले आणि म्हणाले, "खरं हाय. म्या घरी मोठ्यानं वाचून बघितलं, आमच्या घरात बी झोपले. आजपासून गोष्ट म्याडम वाचतील." त्या दिवसापासून मी वाचते आहे. बदली झाली, शाळा बदलली, तरी वाचते आहे.

पण सर म्हटलं की त्या भागातली माणसं आजही एकच गोष्ट सांगतात, आणि प्रत्येक जण थोडी चुकीची सांगतो. मी तिथे होते, म्हणून ती नीट लिहून ठेवते.

आमची शाळा पाचवीपर्यंत. सहावीला बसने पुढच्या मोठ्या गावात जावं लागे. मुलींना बसचा पास फुकट होता, पण पास असून उपयोग नव्हता, कारण फाट्यावर बस थांबत नसे. दप्तरवाल्या पोरी दिसल्या की गाडी वेग वाढवते असं सगळं गाव म्हणे. आदल्या वर्षी सहावीला गेलेल्या मुली कधी सकाळी फाट्यावरूनच परत येत, आणि कधी संध्याकाळी तिकडून बस न मिळाल्याने अंधारात चालत येत. दिवाळीपर्यंत त्यातल्या बहुतेक घरी बसल्या.

त्या वर्षी पाचवीत आरती होती. तिच्यासारखी मुलगी शिक्षकाला क्वचित मिळते. प्रश्न विचारताना भुवया अशा जवळ आणायची की आपल्यालाच घाम फुटावा. तिचे आजोबा, आबा, शाळा समितीचे अध्यक्ष होते. चांगली बागायती शेती, गावात शब्दाला वजन, आणि शाळेवर खरं प्रेम. शनिवारी ते नियमाने ताटपट्टीवर येऊन बसत.

परीक्षा जवळ आल्या होत्या तेव्हाचा एक शनिवार. आरती खुर्चीवर बसली आणि आबांकडे पाहून बोलली. "मला सहावीला जायचंय. आबा म्हणतात, पाचवी झाली, बस झालं. मला का पाठवत न्हाईत?"

आबांचा चेहरा तांबडा झाला. भर शाळेत, स्वतःच्या नातीने. पण अध्यक्षांनी नियम पाळला. उठले, धोतर झटकलं, आणि गेले.

सोमवारी प्रार्थनेनंतर ते आले आणि उभे राहिले. "पोरगी हुशार हाय, मला मालूम हाय. पण फाट्यावर बस थांबत न्हाई. अंधारात चार पोरी रानातून चालत येत्यात, त्यांच्या माया उंबऱ्यात उभ्या ऱ्हात्यात, हे म्या सालभर बघितलं. माझ्या जिवाला ते झेपत न्हाई. बस थांबली तर धाडीन. न्हाई थांबली तर न्हाई. हा माझा शब्द."

कारण खरं होतं. मग आरतीच म्हणाली, "मग बसवाल्यांना ऐकायला बसवू."

सरांचे डोळे चमकले. मी त्यांना म्हटलं, सर, रीतसर निवेदन देऊ. ते म्हणाले, "निवेदन दरसाली जातंय म्याडम. ते वाचत्यात. ऐकत न्हाईत."

आणि पुढच्या शनिवारी आमचा ऐकायचा तास तालुक्याच्या डेपोत भरला. तालुका कुठला ते सांगत नाही. तिथली माणसं आता बदलली आहेत. चौथी-पाचवीची मुलं, गुंडाळलेली ताटपट्टी खांद्यावर घेतलेले सर, मी आणि आबा असे आम्ही फाट्यावर उभे राहिलो. बस आली आणि थांबली नाही. दुसरीही गेली. आबा म्हणाले, "बघा. सांगायला चाललात, तेच दाखवून राहिले." शेवटी सरपंचांच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आम्ही एसटी डेपोत पोचलो.

डेपोचे साहेब जेमतेम चाळिशीचे, घाईतले. "निवेदन ठेवा, बघतो," त्यांनी मान वर न करता सांगितलं.

"निवेदन न्हाई साहेब," सर म्हणाले. "जरा खाली बसायचंय."

तोवर मुलांनी फलाटावर ताटपट्टी अंथरली होती आणि कोणीतरी साहेबांचीच खुर्ची बाहेर आणून ठेवली होती. आरती तिच्यावर बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते. प्रवासी गोळा झाले. साहेब उभेच. तेव्हा गाठोडं घेऊन बसलेली एक म्हातारी ओरडली, "बस की रे बाबा! पँट मळंल म्हणून भेतो का? लेकरू बोलून राहिलं." लोक हसले. साहेब बसले.

आरतीने सगळं सांगितलं. आदल्या वर्षीच्या मुली, अंधार, उंबऱ्यातल्या आया, आबांचा शब्द. रडली नाही, हात जोडले नाहीत. शेवटी म्हणाली, "बस थांबली न्हाई तर माझी शाळा सुटती. तुमची बस का थांबत न्हाई?"

साहेब माणूस वाईट नव्हते. घसा खाकरून लगेच म्हणाले, "बेटा, उद्यापासून थांबेल. आत्ताच ऑर्डर का—"

"सोमवारी!"

सगळी मुलं एकदम ओरडली होती. सवयीने, नेहमीच्या सुरात. साहेब दचकले. "अरे, मी हो म्हणतोय—"

"सोमवारी! शाळेत येऊन! उभं राहून!"

आबांनी कपाळावर हात मारला. "अरे येड्यांनो, हो म्हणून राहिला तो! घ्या की!" ते सरांकडे वळले. "सर, सांगा ह्यांना! तुम्ही सांगितलं तर ऐकतील!"

मीही सरांकडेच पाहत होते. एक शब्द पुरला असता. साहेबांचा होकार हवेत लटकत होता, कारकून कागद घेऊन दारात आला होता. सरांच्या कपाळाची शीर ताठ झालेली मला दिसली. त्यांनी मुलांकडे पाहिलं. मग साहेबांना म्हणाले, "नियम लेकरांचा हाय साहेब. सोमवारी वाट बघतो." आणि वाकून ताटपट्टी गुंडाळायला लागले.

साहेबांचा चेहरा पडला. लोकांसमोर ताटपट्टीवर बसवून वर त्यांचा होकारही नाकारला होता. ते आत गेले आणि दार लावून घेतलं.

आम्ही ट्रॉलीतून परतलो. उतरल्यावर आबा सरांना म्हणाले, "तुमच्या नियमापायी माझ्या पोरीची शाळा गेली. आता तो कशाला येतोय? आजपासून तुमचं माझं बोलणं बंद."

सर रविवारीही शाळेत आले होते, असं मावशींनी सांगितलं. सोमवारी सकाळी मी पोचले तेव्हा टाकी वाहून आवारात चिखल झाला होता आणि पहिलीची मुलं त्यात पाय बुडवत होती.

प्रार्थना झाली. साहेब आले नव्हते. आबा फाटकाला टेकून उभे होते, पाठ शाळेकडे. आरती रांगेत होती आणि तिच्या भुवया जवळ आलेल्या होत्या. सरांनी मुलांना बसा म्हणायला हात उचलला, तेवढ्यात खाकी कपड्यातला एक माणूस मोटरसायकल बाहेर लावून आत आला. वय पन्नासच्या पुढचं, मिशा पांढऱ्या.

"ह्या रूटला माझी गाडी असती," तो म्हणाला. "साहेब म्हणाले, थांबवत तू न्हाईस, उत्तर बी तूच दे. कुठं उभा राहू?"

एका मुलाने जागा दाखवली. तो ड्रायव्हर तिथे टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"साहेब दरसाली ऑर्डर काढत्यात, थांबत जा म्हणून. आम्ही सही करतो, अन् सोडून देतो. थांबत का न्हाईस, हे मला कोणी कधी विचारलंच न्हाई. काल साहेबांनी विचारलं. तर सांगतो. तुम्ही पोरी फाट्यावर चार झाडांखाली चार जागी उभ्या ऱ्हाता. एक हात करती, दुसरी लांबून पळत येती, तिसरी दप्तर आवरती. गाडी खोळंबती. पुढं लेट लागतो, मेमो मला येतो. दोन मेमो आले अन् म्या थांबायचं सोडलं. तुम्ही वळणाच्या अलीकडं एका जागी, रांगेत उभ्या ऱ्हावा. म्या थांबवीन. जाताना बी, येताना बी."

"अन् तुम्ही सुट्टीवर असल्यावर?" आरतीने विचारलं.

ड्रायव्हरने डोकं खाजवलं. "दुसऱ्याला म्या सांगून ठेवतो."

"त्यांनी न्हाई थांबवली तर?"

"तर म्या पुन्यांदा हितं येऊन उभा ऱ्हातो. अजून काय करू माय?"

पुढची पोरं हसली. ड्रायव्हरही हसला. आबा फाटकापासून हळूहळू पुढे आले होते. त्यांनी सरांकडे पाहिलं नाही. आरतीला म्हणाले, "म्या शब्द दिला हाय. जून लागला की जा."

सरांशी ते जूनपर्यंत बोलले नाहीत.

शाळा उघडली त्या दिवशी मी सकाळी स्कूटीवरून येताना फाट्याजवळ थांबले. वळणाच्या अलीकडे मुली रांगेत उभ्या होत्या, नव्या दप्तरांच्या, तेल लावून घट्ट वेण्या घातलेल्या. आरती पुढे. थोड्या अंतरावर आबा. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, जणू सहज उभे असल्यासारखे, सर. बस दिसली. जवळ आली. वेग कमी झाला आणि ती मुलींपुढे येऊन थांबली. चालक दुसराच होता, तरणाबांड. कंडक्टर ओरडला, "चला, चला, लेट करू नका!" मुली चढल्या. एवढंच झालं. मी सरांकडे पाहिलं तर ते रुमालाने चष्मा पुसत होते, आणि पुसून झाला तरी पुसत होते.

रस्ता ओलांडून आबा त्यांच्याकडे आले. "सर, माझं चुकलं असं म्या म्हणणार न्हाई."

"नका म्हणू."

"सकाळचं झालं. सांजच्याला थांबती का न्हाई, ते बघायला म्या येणार हाय."

"मीही येतो," सर म्हणाले.

शाळा सुटल्यावर मीही घरी जाता जाता तिथे रेंगाळले. दोघं फाट्यावर शेजारी शेजारी उभे होते, तिकडच्या रस्त्याकडे डोळे लावून. ऊन कलायच्या आत बस आली आणि थांबली. मुली उतरल्या. आरतीने खाली पाय ठेवला आणि या दोघांना पाहिलं. तिच्या भुवया जवळ आल्या.

"तुम्ही दोघं कशाला आलात? सगळ्या हसून राहिल्या ना मला! मला येता येतं की."

आबा म्हणाले, "न्हाई गं, म्या आपला असाच—" आणि सर म्हणाले, "मी दुकानाला—". फाट्यावर एकही दुकान नव्हतं. तिने पुढचं ऐकलंच नाही. मैत्रिणींच्या घोळक्यात शिरली आणि मोठमोठ्याने बोलत गावाच्या वाटेला लागली.

तिला बरंच पुढे जाऊ देऊन मग ते दोघं निघाले. मी गाडी सुरू करत होते तेव्हा सर हळू आवाजात म्हणाले ते मला ऐकू आलं, "आबा, उद्या नको यायला."

"न्हाई," आबा म्हणाले. "उद्या न्हाई येत."

दोघांच्याही माना इतक्या ताठ होत्या, की दुरून बघणाऱ्याला वाटावं, गावात यांचाच सत्कार ठेवलेला आहे.